गाडीची डावी बाजू

"हे बघा, इथं पत्रा आत गेलाय," मी म्हटलं. "आणि दाराखालची ही पट्टी सुटलीय. जरा दाबली तर हातात येईल."

युनूसभाईंनी पट्टी दाबून बघितली. ती हातात आली नाही. तरी त्यांनी पॅडवरच्या कागदावर एक खूण केली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"अगं, काय बोलतेस?" मागून आई म्हणाली. "चांगली आहे गाडी. दर रविवारी पुसायचे ते."

"आई, तू सावलीत बस ना."

"सावलीतच आहे. सावलीत बसलं म्हणून काय कान बंद होतात?"

आडगावच्या पुढे, महामार्गाला लागून गाड्या लीजवर देणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं आणि मागे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोठं आवार. आवारात परत आलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. काचांवर खडूनं आकडे घातलेले. कडेच्या शेडमध्ये आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. युनूसभाई गाड्या तपासायचं काम करत. ते गाडीभोवती सावकाश फिरत होते आणि मी त्यांच्या मागून फिरत माझ्या वडिलांच्या गाडीला नावं ठेवत होते.

हे मला नानांनीच शिकवलेलं. ते अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते. जन्मभर त्यांनी पत्रा, तांबं, खिळे, खोके, ट्रक असलं काय काय विकत घेतलं. जी वस्तू हवी तिला आधी नावं ठेवायची, आवडली आहे हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. कांदे घेतानाही ते तसंच करत. आणि मोठी खरेदी ते मुद्दाम पितृपंधरवड्यात काढत. त्या दिवसांत कोणी नवं काही घेत नाही, विकणाऱ्याचा घसा कोरडा पडलेला असतो, म्हणत.

म्हणून मीही तेच दिवस धरले होते. जूनमध्ये नाना गेले. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, कोणाशी तरी बोलता बोलता. त्यानंतरचा हा पहिलाच पितृपंधरवडा. "बापाच्या गाडीचा सौदा, तोही या दिवसांत," असं म्हणून अप्पाकाकांनी फोन ठेवला होता.

गाडीची गोष्ट आम्हाला उशिरा कळली. तीन वर्षांपूर्वी ती दारात आली तेव्हा नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. नानांच्या पगारातून दरमहा पैसे कापले जात, त्याला आम्ही सगळे हप्ता म्हणायचो. चार वर्षं हप्ते भरले की गाडी आपली, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे धरून चालले होते. नाना गेल्यावर कारखान्यातून फोन आला की गाडी लीजवर आहे, करार मुदतीआधी संपला, गाडी परत करा नाहीतर पैसे भरून विकत घ्या.

"तीन वर्षं हप्ते भरले आणि गाडी त्यांची?" अप्पाकाका कडाडले. "मोगलाई लागून गेली का?"

मी करार वाचला. मी पुण्याला एका प्रकाशन संस्थेत शालेय पुस्तकांचं संपादन करत होते. रटाळ मजकूर शेवटपर्यंत वाचायचाच मला पगार मिळत असे. तो करार मी स्वयंपाकघरात बसून आईला समजावला. गाडी नऊ लाखांची. चार वर्षांनी ती साडेतीन लाखांची राहील, असं त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलंय. मधे जी साडेपाच लाखांची झीज होते ती आपण महिन्या-महिन्यानं भरायची, वर व्याज, विमा, सर्व्हिसिंग. उरलेले साडेतीन लाख पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचेच. आपण भरलं ते भाडं.

आईचं माहेर निफाडकडचं. ती पोळी उलटत म्हणाली, "म्हणजे बाग खंडानं घेतात तसं. द्राक्षं आपली, जमीन त्याची."

"अगदी तसंच."

"मग एवढं इंग्रजी कशाला लिहिलंय?"

जरा वेळानं तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, "तरी पण नीरू, गाडी जाऊ देऊ नकोस."

"आई, तुला चालवता येत नाही. मी पुण्याला असते. कोण चालवणार?"

"दारात उभी राहील."

"दारात उभी राहायला पाच लाख अठ्ठावन्न हजार मागतायत."

"तू बघ काय ते. पण ती त्यांच्याकडं जाऊ देऊ नकोस."

नाना गेल्यापासून तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळ्याला ती "तुला बरं वाटेल तसं" म्हणत होती. दिवस कसे घालायचे, फोटो कुठला लावायचा, त्यांचे कपडे कोणाला द्यायचे, सगळ्याला तेच. त्यामुळे मी जास्त विचारलं नाही. खरं तर विचारायचं त्राणही नव्हतं. तीन महिने मी मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स पिशवीत घेऊन हिंडत होते. बँक, प्रॉव्हिडंट फंड, गॅस एजन्सी, टेलिफोन. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न, ओरिजिनल आणलंय का? शोक करायला मला कुठल्याच टेबलानं वेळ दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. नानांचे कारखान्याकडून यायचे पैसे अजून अडकलेले होते. सगळं गोळा करून माझ्या हातात चार लाख दहा हजार होते. त्यात गाडी बसवायची, एवढंच मी ठरवलं होतं.

युनूसभाई कागद लिहीत आवारात थांबले आणि तिथले व्यवहार बघणाऱ्या धात्रकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. धात्रक पस्तिशीचे असतील. कपाळाला गंध, टेबलावर दोन मोबाइल, बोलणं आर्जवी. आईला त्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढून दिली.

"काकू, चहा घेता ना? मॅडम, तुम्ही?" मग पडद्याकडे बघत, "साहेबांचं ऐकून वाईट वाटलं. तर आकडा आपण कळवलेला आहेच. पाच अठ्ठावन्न. सिस्टिमनं काढलेला आहे, माझ्या हातात काही नाही."

"सिस्टिमला काय काढायचं ते कोणीतरी सांगितलं असेल ना?"

ते हसले. "विचारा."

"अकरा महिने राहिलेत. त्या सगळ्या महिन्यांचं पूर्ण भाडं तुम्ही यात धरलंय. भाड्यात व्याज आहे. मी सगळे पैसे आज दिले तर पुढच्या अकरा महिन्यांचं व्याज कसलं?"

धात्रकांनी पडद्यावरची नजर माझ्याकडे आणली.

"विमा आणि सर्व्हिसिंगही भाड्यातच आहे," मी म्हटलं. "गाडी आमची झाल्यावर ते आम्हीच करणार. मग तुम्हाला त्याचे पैसे का?"

"मॅडम फायनान्समध्ये का?"

"नाही. सातवीचा भूगोल."

आईनं बशीत चहा ओतला. धात्रकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला, बराच वेळ बोटं चालवली, एकदा पुसून पुन्हा केली. "हे काढतो," ते म्हणाले. "चार पंच्याण्णव. सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही. खरं ते सांगतो."

"आणि हा खाली एक आकार लावलाय, करार बंद करण्याचा."

"तो लागतोच. मुदतीआधी करार मोडला की लागतो."

"करार मोडला नाही," मी म्हटलं. "माणूस गेला."

धात्रकांनी एका मोबाइलची जागा बदलली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चार सत्तर करतो. आता ह्याच्या खाली मला नाही जाता येत. देवाशपथ."

माझ्या पोटात तेव्हा भूक नव्हती, राग नव्हता. फक्त कधी एकदा हे संपतं असं झालं होतं. त्याच थकव्यानं माझा आवाज सपाट लागत होता, आणि समोरच्याला तो खमका वाटत होता.

"मी चार लाख दहा हजार देईन. त्यापुढे एक रुपया नाही. मागे गाड्यांना उभं राहायला जागा नाही, ते मी बघितलंय. या पंधरवड्यात लिलावाला कुत्रं फिरकणार नाही. ही एक आणखी त्यात उभी करायची असेल तर किल्ली ठेवून जातो."

मी खरोखरच किल्ली काढून टेबलावर ठेवली. आईनं किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला हे आधी सांगायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. नानांबरोबर बाजारात ती दुकानाबाहेरच थांबायची. तिला घासाघीस बघवत नसे.

तेवढ्यात युनूसभाई आत आले आणि कागद धात्रकांपुढे ठेवला.

"इंजन चांगलं आहे. टायर बरे आहेत," ते म्हणाले. "उजवी बाजू शोरूममधून आणल्यासारखी. जे काय आहे ते डावीकडं. पुढचं मडगार्ड, आरसा, दोन्ही दारं, मागचा कोपरा. सगळं डावीकडं."

धात्रकांनी कागदावरून बोट फिरवलं आणि त्यांना हसू आलं. वाईट हसू नव्हतं. "काय हो, साहेब गाडी भिंतीला टेकवून चालवायचे की काय?" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, एक लक्षात घ्या. गाडी परत केलीत तर हे सगळं नुकसानीत धरावं लागेल. वापरानं थोडी झीज होते ती आम्ही सोडतो, पण ही झीज नाही. तीस-एक हजार होतील. कारखाना साहेबांच्या येणे रकमेतून ते कापून घेतो. म्हणून म्हणतो, किल्ली उचला, चार सत्तरला घेऊन जा."

हे पातं दोन्हीकडून कापणारं होतं, हे मला करार वाचतानाच कळलं होतं. गाडी जितकी खराब म्हणावी तितकी ती स्वस्त मिळायला हवी. पण सौदा फिसकटला तर तीच खराबी नानांच्या पैशातून वसूल होणार. मी पुढे जायचं ठरवलं.

"बाहेरून एवढी घासलेली गाडी आतून कशी असेल, विचार करा," मी म्हटलं. "शेवटी शेवटी बेफिकीर झाले होते ते. निवृत्ती जवळ आलेली, गाडी कंपनीची. कोण जपतो? आदळआपट करून वापरलेल्या गाडीचे चार दहासुद्धा जास्त आहेत."

"बेफिकीर?" आई म्हणाली.

तिनं कपबशी टेबलावर ठेवली. आवाज न करता ठेवायची म्हणून अगदी हळू ठेवली, तरी बशी वाजलीच.

"आई, थांब. मी बोलतेय ना."

"तू मघापासून बोलतेच आहेस. नीरू, त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं."

मला वाटलं, ती माझ्यासारखंच काहीतरी करतेय. भाव पाडायला, आपल्या परीनं.

"काचबिंदू झाला होता," ती म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती, धात्रकांशी बोलत होती. "गेल्या वर्षी श्रावणात कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा, आणि गाडी बंद करा. हे ऐकतात होय! ऑफिसात कळलं की गाडी जाईल, बाहेरगावची कामं जातील, कोपऱ्यातलं टेबल देतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मला म्हणाले, तू शेजारी बस."

"शेजारी बसून काय, काकू?"

"डावीकडचं मी बघायचे." आईनं डावा हात जरा उचलला. "सायकल आली. रिक्षा घुसतेय, थांबा. आता रिकामं आहे, घ्या. असं. गेटच्या अलीकडं मला उतरवायचे, कोणी बघू नये म्हणून. तिथून मी बसनं घरी. संध्याकाळी परत बसनं जायचे, गेटजवळ उभी राहायचे, आणि यांच्याबरोबर परत."

"रोज?"

"रविवार सोडून."

त्या वर्षात संध्याकाळी मी घरी फोन केला की कोणी उचलत नसे. रात्री विचारलं तर आई म्हणायची, भजनी मंडळात होते. तिला कधीपासून भजनाचं वेड लागलं, म्हणून मी ऑफिसात मैत्रिणीला हसून सांगितलंही होतं.

"तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. केबिनमध्ये, त्या दोन परक्या माणसांसमोर.

"तू बंद करायला लावली असतीस."

"लावलीच असती."

"मग?" आई म्हणाली. "चुकीचं होतं, ते काय मला कळत नव्हतं? यांच्या गाडीखाली कोणाचं पोर आलं असतं तर? म्हणून तर घर ते गेट मी पापणी लवू दिली नाही." ती उठली आणि युनूसभाईंच्या कागदावर बोट ठेवलं. तिला तो वाचता येत नव्हता, इंग्रजीत होता, पण त्यावर गाडीचं चित्र होतं आणि चित्रावर फुल्या होत्या. "हे सगळं गेटच्या आतलं आहे. तिथं गाड्या लावायच्या जागेत खांब आहेत ना, त्यांचं. तिथं मी नसायचे. रस्त्यावरचा यात एक ओरखडा नाही. कोणाला धक्का लागला नाही. एकाला सुद्धा नाही. लिहा तुमच्या कागदात."

युनूसभाई खाली मान घालून उभे होते. धात्रक म्हणाले, "काकू, बसा. बसा तुम्ही. मी उगाच बोलून गेलो."

"तुमचं काही चुकलं नाही. कोणीही हसलं असतं." ती बसली नाही. "मला तेच नको होतं. गाडी यांच्याकडं आली की कोणीतरी गोल फिरणार, डावीकडं बोट ठेवणार, आणि म्हणणार, कसला हा माणूस. त्यापेक्षा दारात गंजू दे म्हटलं. आता माझ्याच तोंडानं सगळं सांगून झालं." तिनं टेबलावरची किल्ली दोन बोटांनी धात्रकांकडे सरकवली. "घ्या. ठेवून घ्या तुमची गाडी."

धात्रकांनी किल्लीला हात लावला नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी थकले आहे की मुरलेली आहे हे त्यांना कळत नव्हतं, आणि आता त्यांना वाटत होतं की खरी मुरलेली माझी आई आहे.

"एक मिनिट," ते म्हणाले आणि एक मोबाइल घेऊन बाहेर गेले. काचेतून ते येरझाऱ्या घालताना दिसत होते. वरच्या कोणाशी तरी बोलत होते. हात हलवत होते. आई पर्सची चेन उघडून पुन्हा लावत होती. युनूसभाई हळूच म्हणाले, "माझ्या अब्बांना पण होता काचबिंदू."

धात्रक आत आले. "घ्या मॅडम. चार दहा. तुमचा आकडा. वरून परवानगी आणली. मी हे कोणासाठी करत नाही, काकूंसाठी केलं. आहे तशी, ओरखड्यांसकट, आजच्या आज कागद करून देतो."

पाच अठ्ठावन्नवरून चार दहा. नानांनी ऐकलं असतं तर घरी येऊन दोनदा सांगायला लावलं असतं, आधी तू काय म्हणालीस, मग तो काय म्हणाला. मी चेकबुक काढलं. पेनाचं टोपण उघडलं. मग आईकडे बघितलं.

तिनं मान हलवली.

"आई, मिळतेय. आपल्या पैशात मिळतेय. तुला हवी होती ना?"

"नको गं. आता कशाला?"

"नक्की?"

"दारात उभी दिसली की रोज सकाळी मी पिशवी घेऊन निघेन," ती म्हणाली. "ठेव ते पेन."

मी टोपण लावलं. धात्रकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी आणखी खाली ओढणार.

"मॅडम, आता खरंच नाही होणार. आईची शपथ."

"कमी करा म्हणत नाही," मी म्हटलं. "आम्ही गाडी परत करतोय. फक्त नुकसानीचं काही कापायचं नाही."

"ते कसं? तीस हजार..."

"आत्ता तुम्हीच म्हणालात, आहे तशी, ओरखड्यांसकट, चार दहाला द्यायला तुम्हाला परवडते. तुमच्या वरच्यांनाही परवडते. मागच्या ओळीतल्या, एक ओरखडा नसलेल्या कुठल्या गाडीचे तुम्हाला लिलावात यापेक्षा जास्त येतात, मला दाखवा. मग नुकसान कोणाचं झालं? तेवढं लिहून द्या, म्हणजे कारखाना त्यांच्या पैशातून काही कापणार नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "सातवीचा भूगोल म्हणालात ना?"

"वडील खरेदी खात्यात होते."

"कळलं ते." त्यांनी कागद पुढे ओढला, युनूसभाईंना विचारलं, "काय लिहू?"

"झीज लिहा," युनूसभाई म्हणाले. "वापरातली झीज."

धात्रकांनी लिहिलं, शिक्का मारला, दोन सह्या माझ्या, एक आईची. आई सही सावकाश करते, पूर्ण नाव, आडनाव बोरस्ते मोठ्या अक्षरात. मग आम्ही बाहेर आवारात गेलो, गाडीत काही राहिलंय का ते बघायला. कप्प्यात टोलच्या पावत्या होत्या, त्या मी टाकून दिल्या. डाव्या सीटवर एक जाड, चपटी झालेली उशी होती. आडगावला येताना आई तिच्यावर बसली होती, आणि मला ती दिसलीही नव्हती. आई बुटकी आहे. उशीशिवाय तिला पुढची काच अर्धीच दिसली असती. तिनं उशी झटकली, काखेत धरली.

"रिक्षा बोलावतो, काकू," धात्रक म्हणाले.

"कशाला? बस आहे की समोर. द्वारकेला उतरायचं, तिथून घराकडची, इंदिरानगरची मिळते."

ती पुढे आणि मी मागे असा आम्ही महामार्ग ओलांडला. थांब्यावर ऊन होतं. तिनं कुठल्या बाजूनं बस येईल ते मला न सांगता दाखवलं, नुसती हनुवटी हलवून. बेफिकीर हा शब्द माझ्या तोंडात अजून होता.

"उतरल्यावर गेटजवळ कुठं उभी राहायचीस?" मी शेवटी विचारलं.

"पानाच्या टपरीशी. त्याला वाटायचं, माझा मुलगा आत कामाला आहे. विचारायचा, आला नाही का अजून पोरगा?" आई जराशी हसली. "मी म्हणायचे, येईल, ओव्हरटाइम आहे."

बस आली. दुपारची वेळ, निम्मी रिकामी होती. मी सवयीनं डाव्या बाजूची खिडकीची जागा तिच्यासाठी धरली. ती तिथं थांबली नाही. पुढे जाऊन उजव्या बाजूला, आत, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. तिथून समोरचा रस्ता दिसत नव्हता, नुसती ड्रायव्हरच्या पाठीमागची जाळी आणि तिच्यावर अडकवलेला टॉवेल दिसत होता. उशी तिनं मांडीवर घेतली. मी शेजारी बसले, तिकिटं काढली.

बसनं वेग घेतला तसा कोणीतरी सायकलवाला अगदी कडेनं गेला, ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, मागून एक बाई ओरडली. आईनं मान वळवली नाही. तिचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं, उचललं गेलं, पुन्हा लागलं आणि तिथंच राहिलं. तोंड किंचित उघडं होतं. तीन महिन्यांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती, आणि त्याआधीच्या वर्षाचं मला माहीतच नव्हतं.

"द्वारका," कंडक्टर ओरडला. "द्वारका कोणी आहे का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण तिकिटं द्वारकेचीच होती. मी पर्समधून सुटे काढले आणि पुढच्या, शेवटच्या थांब्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.